खुरसापुढची मेणबत्ती

इस्पेरांस डोंगर उतरायची ती पाठमोरी. तोंड माथ्याकडे, टाचा उताराकडे, हाताने काजूच्या फांद्या चाचपत, मुळांना अडखळत ती खाली यायची. माथ्यावरचा खुरीस झाडांआड गेला की मगच वळायची. पार्से गावात हे सगळ्यांना ठाऊक झालं होतं. खालच्या वाटेने जाणारे-येणारे थांबून बघत, आणि शेजारचा बाबली तर तोंडाशी हात धरून ओरडे, "अरे बाजूक व्हा, बंब रिव्हर्स येता!"

बंब हे नाव तिला यंदाच पडलं होतं. डोंगरावर कुणी विडी शिलगावली की ही धावलीच. कुणी चुलीतली राख बाहेर टाकली की हिने तीत हात घालून बघितलाच, निवलीय की नाही. "एक दिवस हात भाजून घेशील गो," असं प्रभावती म्हणायची. भाजलाही होता. त्यावर कोरफड लावून ही दुसऱ्या दिवशी पुन्हा दुसऱ्याच्या राखेत.

आणि पाठमोरी का उतरायची, तर मेणबत्तीपायी. तिच्या काजूंच्या डोंगराच्या माथ्यावर जांभ्या दगडाचा जुना खुरीस होता. बाहेरचे लोक त्याला क्रूस म्हणतील, पण पार्से गावात किरिस्तांव काय नि हिंदू काय, सगळ्यांच्या तोंडी खुरीसच. त्याच्या पायथ्याला हातभर कोनाडा. सासू होती तेव्हापासून काजूच्या मोसमात रोज त्या कोनाड्यात मेणबत्ती लागायची, डोंगर राख रे बाबा, आग-विंचू-सापापासून राख, एवढंच सांगून. आणि सासूने एक गोष्ट हाताला धरून शिकवली होती. खुरसाची मेणबत्ती माणसाने विझवायची नाही. एकदा लावली की ती त्याची. जळून संपेल तेव्हा संपेल.

सासूच्या काळात हे सोपं होतं. तेव्हा डोंगर असे पेटत नसत. शिवाय कोनाड्याला काचेचं दार होतं, ते गेल्या वर्षीच्या धगीने तडकून पडलं. आता तुम्हीच सांगा, आगीपासून राख म्हणून सुक्या पाचोळ्याच्या मधोमध आग ठेवायची, आणि तिला पाठ करून घरी यायचं, हे कुणाला जमेल? विझवावी तर देवाचा विश्वास नाही. ठेवावी तर वाऱ्याचा विश्वास नाही. म्हणून बिचारी पाठमोरी उतरायची.

गेल्या वर्षी जळला तो सगुणचा डोंगर. सगुण म्हणजे प्रभावतीचा नवरा, आणि बाबली त्याचा धाकटा भाऊ. दोन्ही डोंगर एकाच बांधाला लागून. एका दुपारी त्यांच्या बाजूने आग चढली आणि हिच्या खुरसापाशी येऊन वारा फिरला. त्यांचे काजू कोळसा झाले, हिचे वाचले. बांधालगतची मूठभर झाडं तेवढी सगुणकडे उरली. आग कुणी लावली याबद्दल गावात दहा तोंडं दहा गोष्टी बोलली. कुणी विडी म्हटलं, कुणी विजेच्या तारा, कुणी जमिनी घ्यायला फिरणारे दलाल. नक्की कुणालाच कळलं नाही. आपला डोंगर देवाने राखला म्हणून इस्पेरांसने तेव्हा मोठी मेणबत्ती लावली, पण त्या रात्रीपासून तिची झोप गेली. राखला तो का राखला आणि त्यांचा का नाही राखला, हे तिला कळेना. आणि जे का मिळालं ते कळत नाही, ते कधी जाईल तेही कळत नाही.

यंदा त्यात नवऱ्याचा पाय मोडला. जुझे पूर्वी डिचोलीला खनिजाचा ट्रक चालवायचा. खाणी बंद पडल्यावर तो डोंगरावर परतला आणि काजूत रमला. माथ्याजवळ खडकात कोरलेली कुंडी होती, तिला कोळंबी म्हणत. तिच्यात काजूचे बोंडू, म्हणजे बीवरची रसाळ फळं, घालून पायांनी मळायचे, रस खाली उतरवायचा, तो आंबला की भट्टीला लावायचा, की झाला हुर्राक, काजूची पहिल्या धारेची दारू. ईस्टरआधीचे उपासाचे दिवस सुरू झाले त्याच आठवड्यात, जन्मभर ज्या कोळंबीत नाचला तिच्यातच जुझे घसरला. मांडीपर्यंत प्लास्टर. मुलगा बोटीवर कामाला, तो पावसाळ्याशिवाय येणार नव्हता.

मग बोंडू वेचायला इस्पेरांस, मळायला इस्पेरांस, भट्टीखाली लाकडं सारायलाही इस्पेरांसच. पहाट फुटली की टोकाला खिळा बसवलेली काठी घेऊन ती झाडाखाली. पडलेला बोंडू काठीने टोचायचा, टोपलीत टाकायचा. बोंडू झाडावरून ओढायचा नाही, पडेल तोच घ्यायचा. टोपली भरली की बसून बी पिरगळून काढायची. त्या चिकाने बोटांची साल जायची. ऊन चढलं की झगा गुडघ्यावर खोचून कोळंबीत उतरायची आणि मळत राहायची. रस घोट्यांना चावायचा, माश्या तोंडावर बसायच्या, आणि नजर मात्र सारखी खाली रस्त्याकडे, पलीकडच्या डोंगराकडे, कुठे धूर दिसतो का म्हणून.

म्हापशाचा नेहमीचा गिऱ्हाईक आला तो सोप्यावर जुझेसमोर बसला. बाटलीचं बूच काढून हुंगलं आणि विचारलं, "यंदा मळतलो कोण?"

"ती मळता," जुझेने अभिमानाने सांगितलं.

गिऱ्हाइकाने बूच परत लावलं. "बायल माणसान मळलेलो? तरीच वास मारता खंय." दरवर्षी दोन कॅन नेणाऱ्याने एकच नेला. इस्पेरांस दाराआड उभी होती. तिने आपल्या तांबडट पडलेल्या पायांकडे बघितलं आणि भांडी घासायला गेली.

"जावंदे," जुझे आतल्या दिशेने म्हणाला. "देव आसा मगो."

हे त्याचं ठरलेलं. पाय मोडला, देव आसा. गिऱ्हाईक मोडलं, देव आसा. तो सोप्यावर उशी पाठीला घेऊन बसायचा आणि दुपारी घोरायचासुद्धा. त्याचं घोरणं ऐकलं की हिला भांडं आपटावंसं वाटायचं.

दोन डोंगरांच्या बांधावर दरवर्षी जुझे पाचोळा झाडून मातीची रुंद पट्टी काढायचा, आग आलीच तर अडावी म्हणून. यंदा ती राहिली. इस्पेरांसने थोडी झाडली, पण बोंडू थांबत नाहीत. म्हणून तिने बाबलीला मजुरीवर बोलावलं.

बाबली तोंड वाकडं करून म्हणाला, "माजी कित्याक गरज? तुमका खुरीस आसा. आमका राखणारो कोण नाय, म्हणान जळलंव."

"बाबल्या, तोंड सांबाळ," सगुण मागून ओरडला. पण शब्द सुटला तो सुटला. इस्पेरांसला तो काट्यासारखा लागला, कारण तो तिच्या मनातलाच होता. ती मान खाली घालून वर गेली. त्या दिवशी तिने बांधावरची पट्टी झाडलीच नाही. ती खुरसापाशी गेली आणि खुरसाभोवतीच खराटा मारत बसली.

तेव्हापासून तेच चालू झालं. मेणबत्तीची ठिणगी उडाली तर पाचोळ्यावर पडू नये म्हणून आधी हातभर झाडायची. मग वाटलं, वारा हातभरावर कुठला थांबतो, म्हणून दोन हात. मग आणखी. रोज मेणबत्ती लावायची, रोज कड थोडी पुढे सारायची. वीत वीत करत खुरसाभोवती खळ्याएवढी जागा झाली, लख्ख, एक काडी नाही. कोळंबी आणि रसाचं निळं पिंपही त्या खळ्यात आलं.

"थंय एक झाड नाय, फळ नाय," जुझे वैतागायचा. "हय बोंडू कुसतत आणि तू माथ्यार झाडतस कित्याक?"

"खुरसाक आंगण केलां तिणां," प्रभावती हसून म्हणायची. "आता सारवण घाल आणि रांगोळी काढ."

प्रभावतीला मात्र तिच्यावर राग नव्हता. बांधालगतच्या आपल्या उरल्यासुरल्या झाडांखाली ती रोज बिया वेचायला यायची. दोघी आपापल्या बाजूने वेचत, बांधावरून बोलत. जेवायला एकत्र बसत, हिची भाकरी-सुंगटाची किसमूर, तिची पेज आणि लोणचं. खुरसापुढे वर्षाला लदीन असायची, म्हणजे सगळ्यांनी जमून संतांची नावं गात केलेली प्रार्थना, तेव्हा सगुण पुढे उभा राहून तो लॅटिन ठेका धरायचा. अर्थ त्यालाही ठाऊक नव्हता आणि इस्पेरांसलाही.

ईस्टर झाला. ऊन असं तापलं की दुपारी कावळासुद्धा बोलेना. एक दिवस हळर्णच्या बाजूला आभाळ धुरकट झालं आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर काळे कण येऊन पडले. आंबत ठेवलेल्या रसावरही पडले. इस्पेरांस ते चमच्याने काढत बसली. काढून झाले की नवे पडायचे. त्या रात्री ती तीनदा अंगणात आली, आणि तिसऱ्यांदा जुझे आतून म्हणाला, "डोंगर खंय पळान जावचो नाय गो."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दुसरा गिऱ्हाईक येणार होता, भट्टी लवकर लावायला हवी होती. म्हणून तिने मेणबत्ती दुपारीच लावली. डोक्यावर रसाचा कॅन घेतला. कॅन घेऊन काही पाठमोरं उतरता येत नाही. मान ताठ, पाय सरळ, ती खाली आली. मागे बघितलंच नाही.

अंगणात कॅन उतरवला तेव्हा वारा सुटला. समुद्राकडून यायचा तो रोजचा नव्हे. हा गरम होता, झोत मारून थांबणारा, पुन्हा मारणारा. माडांच्या झावळ्या एका अंगाला गेल्या.

इस्पेरांसने भट्टीखाली लाकूड सारलं आणि परत ओढलं. पाणी प्यायला गेली, भांडं भरलं, तसंच ठेवलं.

"कितें जालां?" जुझेने विचारलं.

"मेणबत्ती पेटती दवरून इलंय."

"रोज दवरतस."

"रोज बघत उतारतंय. आज बघूक नाय." ती दारात गेली. "जावन विझवून येतंय."

"आईन कितें सांगिल्लां?"

"विझवूची नाय."

"मग?"

"मग थंय बसतंय, संपासर."

"आणि भट्टी? आणि गिरायक?" जुझेने उशी सरळ केली. मग आवाज उतरवून म्हणाला, "पेरांस, हय बस. तू रोज मेणबत्ती देवाक देतस आणि रोज तेच्या हातातली वोडून घेवक धावतस. एक दिवस तरी दी आणि सोड."

ती उसळलीच. मोसमभर साठलेलं बाहेर आलं. "सोड म्हणतस? सगुणान सोडलेलो! तेणां देवळात नारळ दिलो, आमच्या खुरसाक मेणबत्ती दिली. दोगांकय दिलां! कितें जालां? तेचो डोंगर जळताना तुजो देव खंय आसलो? सांग!"

जुझेने वर बघितलं. भिंतीवरच्या तसबिरीपुढचा लाल दिवा मिणमिणत होता.

"माका ठावक नाय," तो म्हणाला.

तिला हे अपेक्षित नव्हतं. देव आसा म्हणेल, असंच तिला वाटलं होतं.

"पाय मोडलो त्या राती मी देवाक गाळी घातलंय," जुझे सांगू लागला. "तू न्हिदलेलस असा समजान. रडलंय, भांडलंय, मग थकलंय. थकल्यार धरूक येयना गो कायच. हात आपसूक सुटले. सुटले तेव्हा कोणी तरी धरल्यासारख्या वाटलां. तितकोच माजो विश्वास. मोठो नाय."

इस्पेरांस खाली बसली. हात मांडीखाली दाबून ठेवले, उठायला नकोत म्हणून. मोठ्याने म्हणाली, "दिलंय बाबा. आता तू बघ." आणि खरंच तिने सोडलं. छातीतलं काहीतरी सैल झालं, किती तरी महिन्यांनी खोल श्वास घेता आला.

त्या श्वासात धुराचा वास होता.

दोघांनाही तो एकदमच आला. ती अंगणात धावली. डोंगराच्या कुशीतून, खालच्या बाजूने पिवळट धूर वर चढत होता आणि वारा त्याला माथ्याकडे रेटत होता.

"सोड म्हटलंस!" ती किंचाळली. "एक दिवस सोडली रे, एकच दिवस!"

आणि मग तिला आठवलं. उतरताना बांधापलीकडे प्रभावती वाकून बिया वेचत होती. सगुण पेडण्याला बाजारात गेलेला. "प्रभावती वर आसा," ती म्हणाली, आणि धावत सुटली. मागून जुझे फोनवर ओरडताना ऐकू आला, आधी अग्निशामकवाल्यांना, मग सगुणला.

वाट तिला पाठमोरी पाठ होती, सरळ चढताना ती परकी वाटली. झगा करवंदीत अडकला, फाटला. उजव्या बाजूला आग कडकडत होती. बिया तडातड फुटत होत्या. काजूच्या कच्च्या बियांचं तेल अंगावर उडालं तर कातडी सोलून निघते. एक थेंब तिच्या दंडावर बसला. ती बोंबलली आणि तशीच वर गेली.

प्रभावती बांधावर उभी होती. कमरेला टोपली, तोंडाला पदर, खाली जाऊ की वर जाऊ या घोळात. खालची वाट धुरात बुडाली होती.

"टोपली टाक!"

"सगळा सकाळचा वेचलेला..."

"टाक गो मेले!" इस्पेरांसने टोपलीला हिसडा मारला, तिचा हात धरला आणि वर ओढलं. "खुरसाकडे! थंय पालो नाय!"

दोघी खळ्यात पोचल्या तेव्हा दोन्ही बाजूंचा पाचोळा पेटला होता. इस्पेरांसने निळ्या पिंपाचं झाकण काढलं. सकाळचा मळलेला रस गळ्यापर्यंत भरलेला. तिने बादली बुडवली आणि प्रभावतीच्या डोक्यावर ओतली. दुसरी स्वतःवर. पुन्हा तिच्यावर. चिकट, गोडसर, डोळ्यांना झोंबणारा रस केसांतून गळत होता. पदर भिजवून तोंडावर बांधला. मग तिने प्रभावतीला खुरसाच्या आडोशाला बसवलं आणि तिच्यावर स्वतः वाकून बसली.

आग आली ती आवाज करत आली. खळ्याच्या कडेपर्यंत येऊन तिने जीभ बाहेर काढली, खायला काही मिळेना, बाजूने वळली. धगीने भुवया करपल्याचा वास आला. खुरसाचा दगड हाताला भाजत होता, तरी इस्पेरांसने तो सोडला नाही. प्रार्थना आठवेना. एवढ्या वर्षांचं पाठ केलेलं सगळं कुठे गेलं कोण जाणे. "राख," एवढंच ती म्हणत होती. "राख. राख. हिका राख."

"प्रभा," तिने कानाशी तोंड नेलं, "माज्या मेणबत्तीन लागली गो. मी पेटती सोडून गेलंय. गेल्या वर्षी तुमचा गेला, यंदा तुजो जीव..."

"गप रव," प्रभावती पदराआडून म्हणाली. "धूर गिळशील."

तेव्हा इस्पेरांसच्या लक्षात आलं, की आपले हात थरथरत नाहीत. गेलं वर्षभर भांडं धरलं तरी कापणारे हात. भीती होती, पण हात प्रभावतीच्या पाठीवर घट्ट होते आणि हलत नव्हते. हे बळ आपलं नव्हे, हे तिला कळलं. कुणाचं ते तिने विचारलं नाही.

आग माथ्यावरून पलीकडे गेली आणि तिथे खडकाळ पठारावर तिला खायला काही उरलं नाही. पहिला वर आला तो बाबली, हातात हिरवी फांदी, तोंड काळं, चप्पल वितळलेली. त्याच्यामागे आणखी चौघे, बुंधे झोडपत.

"वयनी! गो वयनी!" बाबली रडत होता.

प्रभावती उठून उभी राहिली. अंगाला रस, रसाला राख. तिला बघून बाबलीने हातातली फांदी टाकली. मग त्याने आजूबाजूला बघितलं. सगळीकडे काळं, आणि मधे हे खळं, लाल मातीचं, स्वच्छ.

"हय झाडलां कोणी?" त्याने विचारलं.

"बंबान," प्रभावती म्हणाली.

बाबलीने मान खाली घातली. तसाच म्हणाला, "खालच्या वळणार पेटली. विजेच्या तारेखाल. माज्या डोळ्यांनी बघितलंय, मी थंयच आसलंय. ठिणगी पडली आणि भडकली."

इस्पेरांसला ते ऐकू आलं पण उमजलं नाही. ती गुडघ्यांवर सरकत कोनाड्याशी गेली. आत मेणबत्ती होती. जळून संपलेली नव्हे. अख्खीच्या अख्खी, धगीने मऊ होऊन कोनाड्याच्या कडेवरून खाली वाकलेली. वात जेमतेम काळी झाली होती. बोटभरसुद्धा जळली नव्हती. म्हणजे दुपारी तिने पाठ केली आणि पहिल्याच झोताने ती विझली होती. जिच्यासाठी ती भट्टी सोडून तळमळली, नवऱ्याशी भांडली, देवाला जाब विचारला, ती मेणबत्ती केव्हाच शांत झाली होती.

ती हसली की रडली ते तिचं तिलाच कळलं नाही. दोन्ही झालं.

खाली उतरताना तिला पायथ्याशी जुझे दिसला. वाटेच्या तोंडाशी, धुळीत बसलेला. प्लास्टर भेगाळलेलं, तळहात सोलवटलेले. घरापासून तिथपर्यंत तो बसून, हातांवर ओढत आला होता. तिला बघून त्याने दोन्ही हात पुढे केले.

"देव आसा म्हणतलो तू," ती म्हणाली. "मग असो घसटत कित्याक इलस?"

"देव आसाच," जुझे म्हणाला. "पण तू थंय आसलंस."

ती त्याच्याशेजारी धुळीतच बसली. वाकलेली मेणबत्ती त्याच्या हातात दिली. त्याने वात बघितली, पुन्हा बघितली.

"तू विझवूक भियालंस," तो म्हणाला, "म्हणान तेणां विझवली."

"आणि माजी झाडां?" तिने विचारलं. "अर्धो डोंगर गेलो, जुझे."

त्याने मेणबत्ती मांडीवर ठेवली. तिला उत्तर नको होतं. तिने डोकं त्याच्या खांद्यावर टेकलं, आणि तिथेच, लोकांची धावपळ चालू असताना, रसाने चिकटलेल्या केसांनी, ती झोपली. जुझेचा हात बधिर झाला तरी त्याने तो हलवला नाही. संध्याकाळचा गिऱ्हाईक आला, बघून परत गेला.

मे महिन्यात खुरसाचं फेस्त, म्हणजे वर्षाचा सण, आलं तेव्हा अर्धा डोंगर काळा होता. तरी लदीन झाली. बाबलीने चार माणसं घेऊन आदल्या दिवशी बांधावरची पट्टी झाडली, दोन्ही बाजूंनी, बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मजुरी विचारली तर रागावला. जुझेला खुर्चीत बसवून वर नेलं. प्रभावतीने चणे उकडून आणले. तिच्या अंगावर तेच लुगडं होतं, बोंडवाच्या रसाचे तपकिरी डाग पडलेलं. ते डाग कशानेच जात नाहीत. "जावंदे नाय," ती म्हणाली होती.

कोनाड्यात इस्पेरांसने तीच वाकडी मेणबत्ती ठेवली आणि पेटवली. सगुणने घसा खाकरून ठेका धरला, मागून सगळ्यांनी. वारा होताच. ज्योत आडवी व्हायची, पुन्हा उभी राहायची. इस्पेरांसचे हात दोनदा आडोसा धरायला उचलले गेले आणि दोनदा तिने ते परत मांडीवर ठेवले.

चणे वाटून झाले, हुर्राकाचा घोट ज्याला घ्यायचा त्याने घेतला, आणि लोक उतरायला लागले. बाबलीने सवयीने वाट मोकळी केली. सगळ्यांनी इस्पेरांसकडे बघितलं. ती खुरसापुढे वाकली, वळली, आणि इतरांसारखी सरळ, तोंड खाली घराकडे करून चालायला लागली.

अर्ध्या वाटेवर ती थांबली. मान वळवली नाही. पण पाय पुढे पडेना.

"प्रभा," तिने मागच्या प्रभावतीला हळूच विचारलं, "मेणबत्ती?"

"आसा गो, जळता. तू फुडे बघान चल," प्रभावती म्हणाली. हाताने फांद्या चाचपत, मुळांना अडखळत, ती पाठमोरी उतरत होती.